हिरव्या खुणेचा मोसम

सोयाबीनची मळणी सुरू झाली की मला माणसं नकोशी होतात. यंत्रातून उडालेला भुसा गावभर फिरतो. तो दोरीवरच्या ओढणीत बसतो, माठावरच्या झाकणीत बसतो, लॅपटॉपच्या कळांमध्ये बसतो, आणि मानेला जी खाज सुटते ती दिवाळीपर्यंत जात नाही. लोक या दिवसांचं कौतुक करतात. आभाळ निवळलं, झेंडू फुलला, सीताफळांनी डोळे उघडले, वगैरे. करोत बापडे. आमच्या नांदूरघाटला या दिवसांत निम्मं गाव बांधाबांध करत असतं, आणि मी खिडकी लावून घेते.

माझ्या पडद्यावरही नेमका याच वेळी भुसा उडायला लागतो. मी वेबसाइटी बनवते. या धंद्यात दसऱ्याच्या आगेमागे नव्या आवृत्त्या निघतात, परिषदा भरतात आणि नव्या शहाणपणाच्या ईमेलींनी डबा भरून जातो. कालपर्यंत जे बरोबर होतं ते आजपासून कसं चूक आहे, हे त्यात समजावून सांगितलेलं असतं. भाषा गोड आणि मतलब एकच, ‘अजून तुम्ही तसंच करता?’ नव्या सुनेला मोठी जाऊ ज्या सुरात विचारते ना, अगदी तोच सूर. सोळा वर्षं झाली, मी ही नवी सूनच आहे.

या सोळा वर्षांत काय काय शिकले आणि काय काय विसरायला लावलं गेलं! सुरुवातीला पानं रकाने आखून मांडायची. मग रकाने आखणं हे पाप ठरलं. चौकटींना गोल कोपरे आले, सावल्या आल्या. पुढं सावल्या गावठी ठरल्या, मग पुन्हा आल्या. अक्षरं बारीक झाली आणि करडी झाली. उन्हात उभ्या माणसाला ती दिसावीत अशी कुणाची इच्छाच नसावी. पानांची सगळी यादी तीन आडव्या रेघांच्या मागं दडवली, आणि गिऱ्हाइकानं विचारलं की ‘सध्या असंच असतं’ म्हणायचं. पुण्याला एका कार्यशाळेत एक मुलगा माझं काम मोठ्या पडद्यावर दाखवून म्हणाला होता की हे जरा जुन्या वळणाचं वाटतं. वाक्य साधंच होतं. पण खोलीतली चाळीस डोकी माझ्याकडं वळली, आणि बीड जिल्ह्यातून आल्याचं मी ओळख करून देताना सांगितलं होतं. परतीच्या एसटीत मी ठरवलं, पुन्हा कुणाला असं म्हणू द्यायचं नाही. त्या निश्चयाची फळं पुढं दुसऱ्यांनी खाल्ली.

खाली अप्पांचं दुकान आहे. अप्पा म्हणजे माझे वडील. दोर, ताडपत्री, पत्र्याच्या पेट्या, प्लास्टिकचे ड्रम, विळे, कोयते असलं सगळं. दुकान माझ्या जन्माआधीपासून जसं आहे तसंच आहे. दोर उजवीकडं खिळ्याला, कानशी डावीकडच्या डब्यात, ताडपत्र्या मागं. एकदा मी त्यांना म्हटलं, काचेचं काउंटर करू, पाट्या लावू, जरा मांडणी बदलू. कपाळावर विभूतीचे पट्टे, तोंडात सुपारी, त्यांनी मान वर न करता सांगितलं, “गिऱ्हाईक दोर न्यायला येतंय गं, दुकान बगाया न्हाई.” मला तेव्हा त्यांचा राग आला होता. अजूनही येतो, पण आता तो वेगळ्या कारणानं येतो.

दसऱ्यानंतर दुकानात उभं राहायला जागा नसते. कारखान्यांच्या गाड्या सुटायच्या असतात. आमच्याकडं कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दहा-बारा कोयत्यांची एक टोळी, टोळीवर एक मुकादम, आणि सहा महिने कोल्हापूर, सांगली नाहीतर कर्नाटक. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांत भांडी, सरपण, कोंबड्या, म्हाताऱ्या, आणि सगळ्यात वर पोरं. शाळेचं वर्ष मध्येच मोडतं. ते मोडू नये म्हणून आमच्या जवळच्या एका संस्थेनं केज रस्त्याला वसतिगृह काढलं होतं. आई-बाप उसाला गेले तरी पोरं इथं राहणार, जेवणार, शाळेत जाणार. खाटा मोजक्या आणि नावनोंदणी फक्त वेबसाइटवरून, कारण वशिला चालू नये असा सचिव सरांचा आग्रह होता. ती वेबसाइट माझी.

पहिला फॉर्म मी केला होता तो दिसायला भिकार होता. पांढरं पान, काळी ठसठशीत अक्षरं, पाच चौकटी: मुलाचं नाव, इयत्ता, गाव, बापाचं नाव, मोबाईल. खालचं बटण दाबलं की एक नंबर यायचा. तो नंबर म्हणजे पावती. लोक तो तळहातावर लिहीत, भिंतीवर लिहीत, कॅलेंडरच्या मागं लिहीत, आणि वसतिगृहाच्या दारात येऊन तोंडपाठ म्हणून दाखवीत. तीन मोसम तो फॉर्म चालला. कुणाची एक तक्रार नाही. मला मात्र त्या पानाची लाज वाटायची, मी ते माझ्या कामांच्या यादीत कधी लावलं नाही.

आणि मग सहा वर्षांपूर्वीचा तो दसरा. मी नुकताच एक ऑनलाइन वर्ग पुरा केला होता, प्रमाणपत्र छापून भिंतीला लावलं होतं. त्यात शिकवलं होतं की माणसाला काही लक्षात ठेवायला लावू नका. नंबर नको, पासवर्ड नको, त्याचा मोबाईल हीच त्याची ओळख. मोबाईल नंबर टाकला की ओटीपी येईल, ओटीपी टाकला की तो माणूस आत. एक मोबाईल, एक खातं. पुन्हा आला तर आधी भरलेली माहिती आपोआप समोर येईल, त्याला हवी तर त्यानं बदलावी. शेवटी पडदाभर हिरवी खूण उमटेल, तिच्याभोवती कागदी फुलं उधळतील. मी हे सगळं केलं. महिनाभर राबले. फुलं कशी उधळावीत यावरच चार दिवस गेले. सचिव सर खूश झाले, म्हणाले, मोठ्या शहरातल्या शाळेची वाटते. मला त्यावर समाधानानं झोप लागली.

दत्तू मुकादमाला आमच्या दुकानात सगळे ओळखत. उंच, किडकिडीत, बोलताना मधूनच खाकरणारा. त्याच्या टोळीत बारा कोयते होते आणि त्या वर्षी नऊ पोरं ठेवायची होती. टोळीतल्या लोकांकडं मोबाईल नव्हते असं नाही. पण या मोसमात आज एक कार्ड चालू, तर उद्या दुसरं. कुणाचा फोन फुटलेला, कुणाचा भावाकडं. म्हणून कुठलाही कागद असो, तिथं मुकादमाचा नंबर लिहायचा, ही रीतच आहे. दवाखान्यात लिहितात, रेशनला लिहितात, पोलीस चौकीतही लिहितात. टोळीचा पत्ता म्हणजे मुकादम. हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच बापाच्या दुकानात, रोज पाच जण एकच नंबर सांगत होते.

लिंबाच्या पारावर बसून दत्तूनं आपल्या फोनवर नऊ नावं भरली. आधी लोकांची, शेवटी स्वतःच्या पोराचं. मुकादमानं आपलं शेवटी घ्यायचं, जेवणाच्या पंगतीतसुद्धा, ही त्याच्या बापाची शिकवण होती. पहिलं नाव भरलं, हिरवी खूण आली. दुसरं भरायला गेला तर ओटीपी टाकताच पहिलंच नाव समोर आलं. त्याला वाटलं, मागचं राहिलंय वाटतं, पाटी पुसावी तसं ते पुसून पुढचं लिहायचं असेल. त्यानं पुसलं, लिहिलं, ‘बदला’ असं बटण होतं ते दाबलं. पुन्हा हिरवी खूण, पुन्हा फुलं. असं आठ वेळा.

त्याला शंका आली होती, हे मी विसरू शकत नाही. त्यानं मला फोन केला होता. मी जेवत होते. तो म्हणाला, “ताई, लंबर न्हाई आला वो.” मी हसले. खरंच हसले. आता नंबर लागत नाही मामा, म्हटलं, तुमचा मोबाईल हाच नंबर, हिरवी खूण आली ना, मग झालं. तो बरं म्हणाला. नऊ येळा आली, असंही म्हणाला, आणि मला त्या नऊवरून काही सुचलं नाही. ताटात धपाटं आणि दही होतं, ते माझ्या अजून लक्षात आहे. असल्या गोष्टी बऱ्या लक्षात राहतात.

वसतिगृह उघडायच्या दिवशी मी तिथं गेले ती फोटो काढायला. वेबसाइटच्या पहिल्या पानावर हसऱ्या मुलाचा मोठा फोटो हवा, अशी त्या वर्षीची पद्धत होती. गेटाबाहेर पोरं पेट्यांवर बसली होती. पेट्या आमच्याच दुकानातल्या, त्यावर अप्पांनी पांढऱ्या ऑइल पेंटनं नावं घातलेली. निळ्या पेटीवर एक मुलगी बसली होती, दोन वेण्या, तेल चोपडलेलं, पेटीवर ‘कु. मनीषा, इयत्ता सातवी’. तिची आई कुसुमबाई कडेवर तान्हं पोर घेऊन उभी होती. मी मनीषाला हस म्हटलं, ती हसली. पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता. फोटो सुरेख आला.

मग अधीक्षिकाबाईंनी यादी वाचली. दत्तूच्या टोळीचं एकच नाव निघालं, ते दत्तूच्या पोराचं.

गेटापाशी आधी कुणाला कळेना. बाईंनी पुन्हा वाचलं. मग एक बाप पुढं आला, त्याच्या मागून दुसरा. शिव्या सुरू झाल्या. कुणीतरी दत्तूची कॉलर धरली. “सोताचं घातलं आन् आमचं उडवलं व्हय बे?” तो नुसता फोन पुढं करत होता, हिरवी खूण आलती म्हणत होता, आणि ती कुणाला दाखवता येत नव्हती, कारण ती दोन सेकंदांत विरून जाईल असं मीच केलं होतं. कुसुमबाई पेटीपाशीच उभी होती. ती मनीषाकडं बघत होती. मनीषा राहिली तर सातवी होणार, नाही राहिली तर उसाच्या फडावर तान्ह्याला सांभाळणार, एवढा सरळ हिशेब होता आणि तो मायलेकींना दोघींना ठाऊक होता.

सचिव सर बाहेर आले. भला माणूस, उगाच खोटं का बोलू. त्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि सांगितलं की फॉर्ममध्ये बिघाड झाला असेल तर आठही पोरं आत घेतो, प्रतीक्षा यादीतल्या पोरांना दोन दिवस थांबवतो. मग माझ्याकडं वळले. सगळे वळले. सरांनी मला विचारलं, “ताई, तुमच्या फॉर्मात काही चूक असू शकते का?”

मला त्याच क्षणी कळलं होतं. एक मोबाईल, एक खातं. नऊ येळा आली. दर खेपेला आधीचं नाव पुसलं गेलं होतं. तिथल्या तिथं, उन्हात, सगळी गोष्ट डोळ्यांसमोर उलगडली, एखादं गणित सुटावं तशी. आणि पुण्याच्या त्या खोलीतली चाळीस डोकीही तेव्हाच आठवली.

मी म्हणाले, “नाही सर. फॉर्म बरोबर आहे.”

सरांनी मान डोलावली. दत्तूनं माझ्याकडं पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता, तो गोंधळलेला होता. त्यालाही वाटलं असणार की आपलंच काहीतरी चुकलं. यंत्र चुकत नाही आणि शिकलेली माणसं चुकत नाहीत, असा त्याचा समज. आठ पेट्या पुन्हा ट्रॉलीत चढल्या. दुपारी घरी येऊन मी अर्ध्या तासात फॉर्म दुरुस्त केला. अर्धा तास, फक्त. दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या गेल्या तेव्हा मी खिडकी लावून घेतली होती, पण हॉर्न ऐकू येतात.

कार्तिकात आम्ही सगळे कपिलधारच्या यात्रेला जातो. त्या वर्षीही गेलो. धबधब्याखाली रेटारेटी, ओले शेले, भस्माचा वास, आई डोळे मिटून हात जोडून. मी सांगायचं ठरवून गेले होते, निदान देवाला. पण देवाला सांगणं किती सोयीचं असतं, तो कुठं जाऊन दत्तूला सांगणार! मी प्रसाद घेतला आणि जोडे शोधत बसले. अप्पांनी वाटेत विचारलं, तुजं काय बिनसलंय. मी म्हटलं, डोकं दुखतंय.

मनीषाचा फोटो पहिल्या पानावर दोन वर्षं होता. ज्या वसतिगृहात तिला खाट मिळाली नाही त्या वसतिगृहाच्या दारात ती हसत होती, खाली ‘शिक्षण थांबणार नाही’ असं लिहिलं होतं. मीच लिहिलं होतं. काढायचा म्हटलं तर कारण द्यावं लागलं असतं. मग पद्धत बदलली, फोटोंऐवजी चित्रं आली, जांभळ्या रंगाची, लांब हातापायांची माणसं, आणि मी सुटले. पद्धती बदलण्याचा मला झालेला हा एवढा एकच फायदा.

दत्तूचं मुकादमपण त्याच वर्षी संपलं. टोळीत पोरांवरून दगा करणाऱ्याबरोबर कोण जाईल? पुढच्या साली तो दुसऱ्याच्या हाताखाली गेला, स्वतः कोयता घेऊन, बायकोला घेऊन. दुकानात यायचा तेव्हा खाली मान घालून यायचा, वस्तू घ्यायचा, जायचा. अप्पा त्याला चहा विचारायचे. मी जिन्यावरून परत वर जायचे.

आता माझा या धंद्यावर राग आहे, असं मी लोकांना सांगते. तो खोटा नाही. या धंद्याच्या पुस्तकांत एक माणूस असतो, त्याला ‘वापरणारा’ म्हणतात. त्याचा स्वतःचा फोन असतो, स्वतःचा नंबर असतो, तो एकटा बसलेला असतो, हात कोरडे असतात, नेट भरपूर असतं आणि त्याला घाई फक्त कंटाळ्याची असते. हा माणूस मला केज तालुक्यात सोळा वर्षांत भेटलेला नाही. मला भेटतात ती माणसं एका फोनभोवती सहा जण बसतात, त्यातला एक वाचतो, एक बोट चालवतो आणि बाकीचे चार घाबरतात. त्यांच्यासाठी कुठल्या परिषदेत काही ठरत नाही. आता तर यंत्रच पान लिहून देतं, काय हवं ते चार ओळींत सांगा म्हणतं. परवा मी त्याला वसतिगृहाचा फॉर्म करायला सांगितला. त्यानं पहिलीच गोष्ट सुचवली ती मोबाईलनं लॉगिन, एक नंबर, एक खातं. मी लॅपटॉप इतक्या जोरात मिटला की खालून अप्पांनी हाक मारली.

पण हा राग सोयीचा आहे, हेही मला कळतं. फॉर्म पद्धतीनं बिघडवला, मान्य. ‘फॉर्म बरोबर आहे’ हे कुठल्या वर्गात शिकवलं नव्हतं. ते माझं मी बोलले.

तेव्हापासून माझी पानं पुन्हा भिकार दिसतात. पांढरं पान, काळी अक्षरं, मोठे नंबर. एका नंबरावर कितीही नावं. एका मंगल कार्यालयाच्या मालकानं काम काढून घेतलं, एका पुढाऱ्याचा पोरगा तोंडावर म्हणाला की तुमचं काम आउटडेटेड झालंय. मी हो म्हटलं. भांडायचीसुद्धा चव राहिली नाही. लोकांना वाटतं मी शिकायची थांबले. मी सगळं वाचते, रोज वाचते, शत्रूच्या घरातली बातमी काढावी तसं. मग त्यातलं काय करायचं नाही ते वहीत लिहिते.

हे सगळं आज लिहायला बसले त्याला कारण परवाची दुपार. अप्पा जेवायला आत गेले होते, मी काउंटरवर होते. गर्दी ओसरली होती. एक बाई ताडपत्री उलगडून उजेडात धरून भोकं बघत होती. अठरा-एकोणीस वर्षांची असेल, कपाळाला मोठी टिकली, हातावर गेल्या मोसमातल्या उसाच्या पात्याचे ओरखडे. ताडपत्री घडी करून तिनं काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, धाकट्या भावाचं नाव वसतिगृहात घालायचंय, पहिलीला आहे, आईनं तुमच्याकडंच जा म्हणून सांगितलंय. गणेश नाव. बापाचं नाव सांगितलं तेव्हा माझी बोटं लॅपटॉपच्या कळांवर थांबली. मी वर पाहिलं. मनीषाचा तो तुटका दात आता पूर्ण गेला होता.

मी फॉर्म भरला. हळूहळू, वाचून दाखवत. नंबर आला तो कागदावर लिहून दिला. तिनं कागद कमरेच्या पिशवीत ठेवला, आणि मी विचार न करता बोलायला लागले. खरं तर सहा वर्षं विचार करूनच बोलत होते. सगळं सांगितलं. मोबाईल, खातं, नऊ वेळा, फुलं, सगळं. दत्तूमामांनी काही केलं नव्हतं, म्हटलं. माझा फॉर्म चुकला होता आणि मला ते तिथंच कळलं होतं.

ती ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर मला अपेक्षित होतं तसलं काहीच आलं नाही, ना राग, ना रडू. ताडपत्रीच्या घडीवरून हात फिरवत होती. मग म्हणाली, “सरांनी तुमाला इचारलं तवा मी पेटीवरच बसले हुते. समदं आयकलं मी.”

मी लॅपटॉप मिटला.

“आई म्हनत हुती, दत्तू असा न्हाई, कायतरी घोटाळा झालाय. मीच तिला म्हनलं, ताई शिकलेल्या हायत, त्या कावून खोटं बोलतील? दत्तूमामाच चोर हाय.” तिनं ताडपत्रीची घडी पुन्हा नीट केली. “लई शिव्या दिल्या मी त्येला. गाडीत बसून, त्येच्या तोंडावर.”

ती विचारत होती, दत्तूमामाला सांगितलं का. मी म्हटलं, नाही. अजून नाही. आज जाते, असंही म्हटलं, आणि ते मलाच पोकळ वाटलं. सहा वर्षं तो शंभर पावलांवर राहतोय.

तिनं कमरेची पिशवी उघडली, कागद काढला, त्यावरचा नंबर एकदा बघितला. मग माझ्याकडं न बघता म्हणाली की गाडी संध्याकाळी हाय, तवर वसतिगृहात जाऊन येते, यादीत नाव चढलंय का ते डोळ्यानं बगते. मी म्हटलं, ऊन आहे, स्कूटी आहे माझी, सोडते. तिनं नको म्हणून मान हलवली. ताडपत्री काउंटरवर तशीच ठेवून ती रस्त्याला लागली, केजच्या दिशेनं, पायी.